राज्याचं पॅलिएटिव्ह धोरण २०१२ चं, मग मॉर्फिन तालुक्याला का येत नाही?

वॉर्डदोन_सदस्या (प्रश्न)

नमस्कार. मी ग्रामपंचायत सदस्य आहे, पहिलीच टर्म. गाव पश्चिम महाराष्ट्रात, लोकसंख्या तीन हजारांच्या आत. आरोग्य खात्याचा कारभार मला फारसा कळत नाही, म्हणून इथे विचारते.

आमच्या भावकीतल्या चुलत सासऱ्यांना तोंडाचा कॅन्सर होता. तंबाखू, दुसरं काय. ऑपरेशन झालं, शेक झाले, आणि मग मोठ्या दवाखान्यात सांगितलं की आता घरी न्या. सोबत दुखणं शमवणाऱ्या मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांवर माणूस झोपायचा, चहा मागायचा, नातीला हाक मारायचा. गोळ्या संपल्या आणि आमची पळापळ सुरू झाली. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात नाहीत. मेडिकलवाल्यांनी नाव ऐकूनच हात जोडले. जिल्ह्याला विचारलं तर म्हणाले, जिथून सुरू केल्या तिथूनच आणा. तिथे जाऊन यायचं तर एसटीने अख्खा दिवस मोडतो आणि घरात एक माणूस कमी होतो. त्यांचे शेवटचे बरेचसे दिवस गोळ्यांविना गेले.

नंतर मी वाचायला लागले तर कळलं की महाराष्ट्राने २०१२ मध्येच पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे गंभीर आजारात दुखणं आणि त्रास कमी करण्याच्या सेवेचं, धोरण केलंय. केंद्राचा राष्ट्रीय कार्यक्रमही त्याच साली आला. आयुष्मान आरोग्य मंदिरात ज्या बारा प्रकारच्या सेवा द्यायच्या त्यांत वृद्धांची आणि पॅलिएटिव्ह सेवा आहे. आमच्या उपकेंद्राच्या भिंतीवर ती यादी रंगवलेलीसुद्धा आहे!

विचारायचं ते असं. केरळात ग्रामपंचायती घरी जाणारी नर्स ठेवतात असं ऐकलं. आमच्या ग्रामपंचायतीने ठराव करून तसं करता येईल का? आणि मॉर्फिन तालुक्यात आणायचं तर दार कुणाचं ठोठवायचं? ग्रामसभेत विषय घ्यायचाय. सरपंच म्हणतात, हा आपला विषय नाही, आधी गटारांचं बघा.

ग्रामीण_एमओ

ताई, मी एका ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहे, त्यामुळे नाव-गाव राहू दे. आम्ही मॉर्फिन ठेवत नाही त्याचं कारण साधं आहे. भीती. एक गोळी हिशोबात कमी निघाली तर काय, हा प्रश्न डोक्यातून जात नाही. एनडीपीएस कायद्याचं, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याचं, नाव काढलं की स्टाफ मागे सरकतो. कॉलेजात मॉर्फिन शिकलो ते हार्ट अटॅकच्या आणि विषबाधेच्या धड्यात. पेशंटच्या घरी द्यायचं औषध म्हणून कुणी शिकवलं नाही. पेशंटचा श्वास मंदावला तर नातेवाईक कॉलर कुणाची धरणार? ट्रामाडॉलवर, म्हणजे त्याहून सौम्य वेदनाशामकावर, भागवतो आणि वर पाठवतो. पटत नाही, पण असंच चाललंय.

जुना_फार्मासिस्ट

माझी उभी नोकरी सरकारी औषध भांडारात गेली. आता निवृत्त आहे, त्यामुळे जरा मोकळं लिहितो. लांबेल.

आधी डॉक्टरसाहेबांचं. तुमची भीती तुम्हाला वारशात मिळालीय. १९८५ चा एनडीपीएस कायदा आला तो तस्करीसाठी, त्यात किमान दहा वर्षांची सक्तमजुरी होती. दवाखान्याला मॉर्फिन ठेवायचं तर उत्पादन शुल्कवाले वेगळे, औषध प्रशासन वेगळं, आणि एकाचा परवाना हातात येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपलेली. परिणाम असा की १९९७ पर्यंत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून जास्त घसरला. आणि हे कुठे? जिथे नीमच-मंदसौरला सरकारी परवान्याने अफू पिकते, नीमच आणि गाझीपूरला ती प्रक्रिया करणारे केंद्र सरकारचे स्वतःचे कारखाने आहेत, त्या देशात. आपण जगाला अफू विकत होतो आणि आपल्या पेशंटला क्रोसिन देत होतो.

पण २०१४ मध्ये कायदा बदलला, हे तालुक्याला अजून कुणी सांगितलेलं दिसत नाही. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधं 'अत्यावश्यक' म्हणून वेगळी काढली, २०१५ मध्ये त्यांचे नियम आले, देशभर एकच. आता वेगवेगळ्या खात्यांकडे जायला नको. मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था म्हणून राज्याच्या औषध नियंत्रकाकडे, म्हणजे आपल्याकडे अन्न व औषध प्रशासनाकडे, एक अर्ज. वेदनाशमन आणि पॅलिएटिव्ह केअरचं प्रशिक्षण घेतलेला एक तरी डॉक्टर हवा, कुलूपबंद साठा हवा, नोंदवही हवी. झोपेच्या गोळ्यांची नोंद नीट ठेवणाऱ्या भांडाराला हे जड नाही.

मग अडतं कुठे? मी पाहिलं ते सांगतो. वर्षाची मागणी काढताना आम्ही मागच्या वर्षीचा खप बघायचो. ज्या रुग्णालयात मॉर्फिन कधी आलंच नाही, तिथला खप शून्य. खप शून्य म्हणून मागणी शून्य, मागणी शून्य म्हणून पुरवठा शून्य, आणि वरच्या बैठकीत कागदावर दिसतं की ह्या तालुक्यात मॉर्फिनची गरजच नाही. ताईंच्या सासऱ्यांची धावपळ त्या तक्त्यात कुठेही उमटत नाही. ई-औषधी प्रणाली आल्यावर हा शून्य फक्त कागदावरून संगणकावर गेला.

दुसरी गोची आपल्या राज्याच्या रचनेत आहे आणि ती धोरणाच्या कागदापेक्षा मोठी आहे असं माझं मत. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय हे जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. प्राथमिक आरोग्य केंद्र (पीएचसी) आणि उपकेंद्र जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे. बाळंतीण असो की टीबीचा पेशंट, दोन्हीकडून त्याच्याकडे बघणारं कुणीतरी असतं, कारण त्या कार्यक्रमांची उद्दिष्टं दोन्हीकडे आहेत. पण 'आता घरी न्या' असं सांगितलेला माणूस रुग्णालयाच्या हद्दीतून बाहेर पडतो आणि पीएचसीच्या हद्दीत पोचतो तेव्हा त्याचा कागद कुणीच पुढे पाठवत नाही. औषध एका साहेबाच्या कपाटात, पेशंट दुसऱ्या साहेबाच्या गावात. जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह कक्ष उघडला, फीत कापली, तरी हे जोडलं जात नाही.

म्हणून ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: दारं दोन. ग्रामीण रुग्णालयाने मान्यता घ्यावी म्हणून जिल्हा शल्यचिकित्सक, आणि घरी पाठवलेल्या पेशंटची यादी पीएचसीला मिळावी म्हणून जिल्हा आरोग्य अधिकारी. एकाच पत्राची प्रत दोघांना, आणि दोघांचे उल्लेख त्याच पत्रात. नाहीतर एक जण दुसऱ्याकडे टोलवेल. हे मी अंदाजाने बोलत नाहीये, अशी टोलवलेली पत्रं मी फाईल केलीत.

पहिल्या प्रश्नाला, ग्रामपंचायतीने नर्स ठेवण्याच्या, माझं उत्तर 'नाही' आहे, पण केरळात राहणारं कुणी इथे असेल तर त्यांनी आधी बोलावं.

डॉक्टर, श्वासाचं तुम्ही बोललात म्हणून. तोंडाने द्यायचं मॉर्फिन कमी मात्रेने सुरू करून दुखण्याच्या मापाने वाढवत नेतात, तसं नेलं तर कॅन्सरच्या वेदनेत श्वास थांबण्याचा प्रकार फार क्वचित. पेशंटला खरा त्रास होतो तो बद्धकोष्ठाचा. मॉर्फिनच्या चिठ्ठीवर पोट साफ करणारं औषध नसेल तर ती चिठ्ठी अर्धी आहे, असं मला एका भूलतज्ज्ञ बाईंनी शिकवलं होतं. मी काउंटरवर तेच तपासायचो.

सह्याद्रीचा_पाहुणा

मी तो केरळवाला. बँकेच्या नोकरीमुळे कोळीकोड जिल्ह्यात एका पंचायतीत राहतो. शेजारच्या घरात पक्षाघाताने पडलेले गृहस्थ आहेत. पंचायतीची पॅलिएटिव्ह नर्स जीपने येते, बरोबर गावातलाच एखादा स्वयंसेवक आणि आशा. लघवीची नळी बदलते, पाठीच्या जखमा बघते, सुनेला कूस कशी बदलायची ते पुन्हा दाखवते. जखमेला वास सुटला तर मेट्रोनिडाझोलची गोळी कुटून टाकायची, हेही तिनेच घरच्यांना शिकवलं. कॅन्सरचेच पेशंट असतात असं मुळीच नाही.

इथे धोरण २००८ मध्ये आलं, पण काम त्याच्या बरंच आधीचं. १९९३ मध्ये कोळीकोडच्या मेडिकल कॉलेजात डॉ. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी सुरू केली. पुढे मलप्पुरममध्ये गावोगाव स्वयंसेवकांची जाळी उभी राहिली, दुकानदार गल्ल्याशेजारी देणगीचे डबे ठेवायचे. सरकारने धोरण केलं तेव्हा चाललेलं काम पंचायतीच्या अंदाजपत्रकात बसवलं. १५ जानेवारीला इथे पॅलिएटिव्ह दिन असतो, शाळेची पोरं पैसे गोळा करतात. महाराष्ट्रात उलट झालं, आधी धोरण आणि मग कामाची वाट पाहणं.

तरी फार गोडवे गात नाही. आमच्याकडची नर्स कंत्राटी आहे, पगाराची कुरकुर तिच्याकडूनच ऐकतो, आणि ज्या घरात बघणारं कुणीच नाही तिथे महिन्यातली एखाद-दुसरी भेट किती पुरणार?

जुना_फार्मासिस्ट

धन्यवाद. आता माझा 'नाही' का ते सांगतो.

केरळात ग्रामपंचायती ९४१. महाराष्ट्रात अठ्ठावीस हजारांच्या आसपास. तिकडची एक पंचायत म्हणजे सहज वीस-तीस हजार माणसं, आणि १९९० च्या दशकातल्या विकेंद्रीकरणात तिथलं प्राथमिक आरोग्य केंद्रच पंचायतीकडे दिलं गेलं. नर्स, डॉक्टर, गाडी आणि पैसा एका छपराखाली. तुमची ग्रामपंचायत तीन हजारांची. तुम्ही नर्स ठेवलीत तर तिला वर्षभर पुरतील एवढे पेशंटही नाहीत आणि तिला पुरेल एवढा पैसाही नाही. आपल्याकडे सपाटीवर तीस हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात वीस हजार लोकसंख्येला एक पीएचसी, हा निकष. म्हणजे केरळच्या एका पंचायतीशी जोडी लागते ती आपल्या एका पीएचसीची. मागायचं ते पीएचसीला एक नर्स आणि आठवड्याचे ठरलेले दिवस गाडी. ही मागणी एकट्या गावाची असली तर दुर्लक्ष होईल. त्या पीएचसीखालच्या दहा-बारा गावांनी एकाच महिन्यात ग्रामसभेत तोच ठराव केला तर तालुका आरोग्य अधिकाऱ्याला वर कळवावंच लागतं.

वर म्हणजे कुठे, तर पीआयपीत. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा पैसा राज्य जी अंमलबजावणी योजना (तीच पीआयपी) पाठवतं तिच्यावर येतो, आणि राज्याची योजना जिल्ह्यांच्या मागण्यांवर बनते. आरोग्य हा राज्यसूचीतला विषय. दिल्लीने २०१२ मध्ये कार्यक्रम केला, २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणातही पॅलिएटिव्ह केअर आहे, पण जिल्ह्याने मागणीचा रकानाच रिकामा सोडला तर दिल्लीचा कागद काय करणार? त्या रकान्यासाठी भांडा. मोर्चा-बिर्चा नंतर.

स्पष्टवक्ता७१

एवढा खटाटोप कशाला? इच्छामरणाचा कायदा करा, प्रश्न मिटला. मरणाऱ्या माणसावर खर्च करण्यापेक्षा लहान मुलांवर करा.

जुना_फार्मासिस्ट

दोन वेगळे विषय आहेत. उपचार थांबवण्याबद्दल आणि लिव्हिंग विलबद्दल (शेवटच्या उपचारांविषयी आधीच लिहून ठेवलेली इच्छा) सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१८ चा, त्याची प्रक्रिया २०२३ मध्ये सोपी केली. तो आहे व्हेंटिलेटरसारख्या कृत्रिम आधारावर ठेवलेल्या माणसासाठी. ताईंचे सासरे चहा मागत होते. त्यांना गोळी हवी होती.

आणि 'मरणाऱ्या माणसावर' म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने जगात दर वर्षी ५ कोटी ६८ लाख लोकांना पॅलिएटिव्ह सेवेची गरज असते, त्यातले निम्म्याहून जास्त आयुष्याच्या शेवटच्या वर्षात नसतात. सेवा पोचते शंभरातल्या चौदांपर्यंत. प्रौढांमध्ये गरज असणाऱ्यांत पहिला क्रमांक हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांचा, ३८.५ टक्के. कॅन्सर ३४ टक्क्यांवर, दुसरा. लहान मुलांचंही म्हणालात ना? त्यांनाही लागतं.

आशा_गटप्रवर्तक

वाचून बरं वाटलं आणि धाकधूकही झाली. यादी कोण करणार? आशा. घरी कोण जाणार? आशा. अंथरुणाला खिळलेली माणसं आम्हाला पाठ आहेत, वेगळा सर्व्हे नको. पण आमचं बरंचसं कामावर आधारित मोबदल्यावर चालतं. बाळंतपणाला दर आहे, लसीकरणाला दर आहे, म्हाताऱ्याची जखम बघून आलं तर कुठल्या कॉलमात लिहू? समुदाय आरोग्य अधिकारी चांगल्या आहेत आमच्या, पण ओपीडी आणि ऑनलाइन नोंदी यांतून त्यांना गावात जायला वेळ काढावा लागतो. आणि ड्रेसिंगचं सामान? कापूस सुद्धा घरच्यांना आणायला सांगतो.

वॉर्डदोन_सदस्या

सगळ्यांचे आभार. पीएचसीचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. आमच्या पीएचसीखालच्या दोन गावांच्या सदस्या माझ्या माहेरच्या ओळखीच्या आहेत, त्यांना कालच फोन केला. एक लगेच तयार झाली, तिची सासू डायलिसिसवर आहे. दुसरी म्हणाली, आमच्याकडे ग्रामसभेला कोरमच होत नाही.

काका, एक विचारते. नर्स आणि मॉर्फिन वरून यायचं ते येईल तेव्हा येईल. तोवर ग्रामपंचायतीच्या पैशातून काहीच करता येणार नाही का? सरपंचांना दाखवायला काहीतरी हातात लागतं.

जुना_फार्मासिस्ट

येतं की. स्वउत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी ठेवावा लागतो. पक्षाघाताचे, पाय काढलेले, कमरेखाली लुळे झालेले पेशंट यांची प्रमाणपत्रं काढून घ्या, त्यांचं साहित्य त्या निधीतून बसू शकतं. ग्रामसेवकाला नियम विचारा, तोंडी नको, टिपणी मागा. हवेच्या गाद्या, कमोडची खुर्ची, व्हीलचेअर. माणूस गेला की वस्तू धुऊन ग्रामपंचायतीत परत आणि पुढच्या घरी, अशी नोंदवही ठेवा. नाहीतर सगळ्या गाद्या कुणाच्या तरी माळ्यावर जातील. ग्रामपंचायत विकास आराखड्यातही आरोग्याचा विषय धरता येतो. ड्रेसिंगच्या सामानासाठी ग्रामीण रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीकडे जा. कापसासाठी पेशंटच्या घरच्यांनी पदर पसरायचं कारण नाही.

आणि डॉक्टरसाहेब अजून इथे असतील तर त्यांना विनंती: प्रशिक्षणाला स्वतःचं नाव द्या आणि बरोबर आणखी एकाचं द्यायला लावा. एकच डॉक्टर प्रशिक्षित असला आणि त्याची बदली झाली की रुग्णालयाच्या मान्यतेचा पायाच जातो. बंधपत्रावरचा डॉक्टर पाठवला तर तो वर्षात निघून जाईल. कायम सेवेतले दोघे हवेत.

ग्रामीण_एमओ

आहे, वाचतोय. २०१४ च्या बदलाचं मला खरंच ठाऊक नव्हतं. अधीक्षकांशी बोलतो. ताई, तुमचा ठराव आमच्या रुग्णालयाच्या नावाने आला तर मला बोलायला सोपं जाईल. खालून मागणी आहे असं दाखवता येतं. तालुका कोणता ते व्यनि (खासगी निरोप) करा, माझाच निघायचा.

वॉर्डदोन_सदस्या

व्यनि केला आहे. काका, ठरावाची भाषा तुम्हीच सांगा ना. आमच्या ग्रामसेवकांनी लिहिला तर 'योग्य ती कार्यवाही व्हावी' एवढंच येईल.

जुना_फार्मासिस्ट

तो शब्द दिसला की फाईल झोपली समजा. हे घ्या, गावाचं नाव आणि तारीख घाला:

"गावातील अंथरुणाला खिळलेल्या व असाध्य आजाराच्या रुग्णांची, आशा स्वयंसेविकांनी केलेली यादी (आकडा लिहावा, नावे लिहू नयेत) ग्रामसभेपुढे ठेवण्यात आली. ग्रामसभा मागणी करते की, तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाने एनडीपीएस कायद्याच्या २०१४ च्या दुरुस्तीनुसार मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था म्हणून अर्ज करावा व कायम सेवेतील दोन वैद्यकीय अधिकारी प्रशिक्षणास पाठवावेत. वेदनाशमनाच्या गोळ्या सुरू करून घरी पाठविलेल्या प्रत्येक रुग्णाची माहिती, रुग्णाच्या संमतीने, संबंधित प्राथमिक आरोग्य केंद्रास लेखी कळवावी. प्राथमिक आरोग्य केंद्रास गृहभेटीसाठी परिचारिका व आठवड्यातून ठराविक दिवशी वाहन मिळावे, आणि ही मागणी जिल्ह्याच्या पुढील अंमलबजावणी योजनेत (पीआयपी) समाविष्ट करून तसे ग्रामपंचायतीस कळवावे. प्रती: जिल्हा शल्यचिकित्सक, जिल्हा आरोग्य अधिकारी, मुख्य कार्यकारी अधिकारी जिल्हा परिषद."

शेवटचं 'कळवावे' खोडू देऊ नका. उत्तर आलं नाही की माहिती अधिकारात त्याच वाक्यावर बोट ठेवता येतं.

आशा_गटप्रवर्तक

काका, यादी आम्ही करायची म्हणताय, तर गृहभेटीच्या मोबदल्याचं एक वाक्य त्यात घाला. 'परिचारिका व वाहन'च्या पुढेच.

जुना_फार्मासिस्ट

घातलं. ताई, 'वाहन मिळावे'नंतर हे जोडा: "आशा स्वयंसेविकांना गृहभेटीसाठी स्वतंत्र मोबदला निश्चित करावा."